ओले इंजिन की थकलेले इंजिन? रोटरीच्या स्टार्टिंगच्या प्रश्नाचा आढावा

रोटरी इंजिनाच्या मोटारीबद्दल दोन तक्रारी फार जुन्या आहेत. एक, ती पेट्रोल फार पिते. दोन, ती कधी कधी सुरूच होत नाही. पहिल्या तक्रारीचे उत्तर पंपावरच्या मीटरवर दिसते. दुसरीचे उत्तर फिटर, कंपन्यांचे इंजिनिअर आणि मालक गेली पन्नासहून अधिक वर्षे आपापल्या परीने देत आले आहेत, आणि ती उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. कोणी म्हणतो पेट्रोल ओव्हर झाले, कोणी म्हणतो कॉम्प्रेशन गेले. कोणी बॅटरी आणि सेल्फवर बोट ठेवतो, तर कोणी थेट इंजिनाच्या घडणीवर.

या वादाची पार्श्वभूमी, त्यातली मुख्य मते आणि अजून न सुटलेले भाग इथे क्रमाने मांडतो. मांडणीमागचा धागा आधीच सांगून टाकलेला बरा. इंजिन फ्लड होणे, म्हणजे आत नको तितके पेट्रोल साचणे, हा एक प्रसंग आहे, तो येतो आणि जातो. कॉम्प्रेशन कमी होणे ही अवस्था आहे, ती वाढतच जाते. सेल्फ मारणाऱ्याला मात्र दोन्ही वेळी एकच अनुभव येतो: इंजिन फिरते, पण पकडत नाही. त्यामुळे एकाचा इलाज दुसऱ्यावर केला जातो. निकोप इंजिने विनाकारण उघडली जातात, आणि खरोखर झिजलेल्या इंजिनात नुसते प्लग बदलण्यात महिने जातात.

पेट्रोल साचते कसे

बजाजच्या स्कूटरवर वाढलेल्या पिढीला फ्लडिंग शिकवावे लागत नाही. चोक ओढून पाच-सहा किका जास्त मारल्या की प्लग ओला होई. मग स्कूटर एका अंगावर तिरकी करायची, प्लग काढून पुसायचा, पेट्रोलचा कॉक बंद करून चार किका मारायच्या, की गाडी चालू. रोटरी मोटारीत रोग तोच असतो, पण जास्तीचे पेट्रोल बाहेर काढण्याची सोय इतकी सोपी नसते. त्याचे कारण तिच्या घडणीत आहे.

या इंजिनात पिस्टन नाही आणि झडपाही नाहीत. कमरेशी किंचित आवळलेल्या लंबगोल पोकळीत, म्हणजे रोटर हाउसिंगमध्ये, फुगीर बाजूंचा तिकोनी रोटर फिरतो. रोटरच्या तीन टोकांवर धातूच्या तीन पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यांना एपेक्स सील म्हणतात. रोटरच्या दोन्ही सपाट अंगांवर साइड सील आणि कोपऱ्यांत कॉर्नर सील असतात. रोटरची एक फेरी पूर्ण होते तेव्हा शाफ्टच्या तीन फेऱ्या झालेल्या असतात. माझदाच्या १३बी या सर्वांत प्रसिद्ध इंजिनात असे दोन रोटर आहेत. प्रत्येकी ६५४ सीसी, मिळून १३०८.

रोटरभोवतीची प्रत्येक पोकळी लांबट आणि चपटी असते. आतल्या जागेच्या मानाने भिंतींचा पृष्ठभाग फार मोठा, त्यामुळे थंड इंजिनात पेट्रोलची वाफ धातूला लागून पुन्हा द्रवरूप होते. पिस्टनच्या इंजिनात असे जास्तीचे पेट्रोल थोडेफार रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरते. रोटरीत ते हाउसिंगच्या तळाशी साचून राहते, कारण खाली उतरायला वाट नाही.

पण खरी गोम पेट्रोलात नाही, तेलात आहे. वेगात असताना एपेक्स सील भिंतीला घट्ट टेकवण्याचे काम वायूचा दाब आणि फिरण्याचा जोर करतात. सेल्फवर फिरताना या दोन्ही शक्ती क्षीण असतात. त्या वेळी सील टिकते ते मागच्या स्प्रिंगवर आणि भिंतीवरच्या तेलाच्या पातळ थरावर. हा थर टिकावा म्हणून एक छोटा पंप इंजिनाचेच तेल थोडे थोडे हाउसिंगमध्ये सोडत असतो. जास्तीचे पेट्रोल हा थर धुऊन काढते. थर गेला की कॉम्प्रेशन घसरते, कॉम्प्रेशन घसरले की मिश्रण पेटत नाही, आणि पेटले नाही की पुढच्या प्रत्येक प्रयत्नात आणखी पेट्रोल आत जाते. प्लग ओले होतात ते याच फेऱ्यात.

पार्किंगमधून गाडी काढून दारात लावली, लगेच बंद केली आणि नंतर ती लागेना, ही रोटरीच्या मालकांची नेहमीची कहाणी अशी तयार होते. थंड इंजिनाला संगणक मुद्दाम जास्त पेट्रोल देतो. इंजिन अर्ध्या मिनिटात बंद झाले तर भिंती ओल्याच राहतात. पुढच्या वेळी पाण्याचे तापमान अजून कमीच दिसते, म्हणून पुन्हा तेवढेच पेट्रोल मिळते.

नेकारसुल्म ते हिरोशिमा

फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवरचे पहिले चालते इंजिन १९५७ साली जर्मनीत नेकारसुल्मच्या एनएसयू कंपनीत फिरले. १९६४ मध्ये एनएसयूची छोटी स्पायडर आली. १९६७ साली एनएसयूची आरओ ८० आणि माझदाची कॉस्मो स्पोर्ट, अशा दोन रोटरच्या दोन मोटारी बाजारात उतरल्या.

आरओ ८० ला पुढच्याच वर्षी युरोपातील कार ऑफ द इयरचा मान मिळाला, आणि त्याच सुमारास तिच्या इंजिनांच्या तक्रारीही यायला लागल्या. एपेक्स सील लवकर झिजत, कॉम्प्रेशन जाई, गाडी लागायला त्रास देई. एनएसयूने वॉरंटीत इतकी इंजिने बदलून दिली की रस्त्यात समोरासमोर आलेले दोन मालक बोटे वर करून आपल्या गाडीला कितवे इंजिन बसले आहे ते एकमेकांना दाखवत, अशी आख्यायिका झाली. या पहिल्या पर्वात 'गाडी लागत नाही' याचा अर्थ बहुतेक वेळा 'सील गेली' असाच होता. निदानात फारसा घोळ नव्हता.

हिरोशिमातल्या तोयो कोग्यो, म्हणजे आजच्या माझदाने १९६१ साली एनएसयूशी करार केला. १९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ इंजिनिअरांचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न हाउसिंगच्या भिंतीवर उठणाऱ्या आडव्या ओरखड्यांचा होता. सैतानाची नखे असे नाव त्या ओरखड्यांना पडले होते. सीलचा आकार आणि धातू बदलत, भिंतीचा लेप सुधारत त्यांनी तो सोडवला. कॉस्मोची सील कार्बन आणि ॲल्युमिनियमची होती, पुढे बिडाची आली. सील टिकू लागली तेव्हा झिजेचा प्रश्न मागे पडला, आणि त्यामागे लपलेला फ्लडिंगचा प्रश्न स्वतंत्रपणे दिसू लागला.

कार्ब्युरेटरच्या काळात चोक चालकाच्या हातात होता. १९७८ ची पहिली आरएक्स-७ असो की त्याआधीच्या गाड्या, चोक किती ओढायचा आणि कधी ढकलायचा याचा हात बसला की गाडी रुसत नसे. १९८५ पासूनच्या दुसऱ्या पिढीत इंजेक्शन आले आणि पेट्रोल किती द्यायचे हा निर्णय संगणकाकडे गेला. या पिढीत एक नवे कारणही जोडले गेले. इंजेक्टर जुने झाले की बंद गाडीतही त्यातून पेट्रोल झिरपते आणि रात्रभरात एखादी पोकळी भरून ठेवते. अनेक मालकांनी पेट्रोल पंप तोडणारा एक स्विच डॅशबोर्डखाली बसवून घेतला. बंद करण्याआधी स्विच दाबायचा, नळीतले पेट्रोल जळून इंजिन आपोआप बंद पडू द्यायचे. कंपनीने न दिलेली ही दुरुस्ती इतकी पसरली हेच प्रश्नाच्या व्याप्तीचे चांगले माप आहे.

२००३ मध्ये आरएक्स-८ बरोबर रेनेसिस हे इंजिन आले. त्याला त्या वर्षीचा इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर हा पुरस्कार मिळाला. त्याची मुख्य नवलाई म्हणजे धूर बाहेर सोडण्याची दारे हाउसिंगच्या परिघावरून बाजूच्या पाट्यांवर नेली. पूर्वी एपेक्स सील भिंत निपटत येई तेव्हा न जळलेले पेट्रोल थेट बाहेर ढकलले जाई. आता ते आतच राहून पुढच्या फेरीत जळते. धुरातले प्रदूषण त्यामुळे कमी झाले. पण सुरुवातीच्या वर्षांत या गाडीच्या फ्लडिंगच्या तक्रारीही खूप आल्या. माझदाने संगणकातले प्रोग्रॅम बदलले, जास्त ताकदीचा स्टार्टर दिला, आणि अमेरिकेत २००४ ते २००८ च्या गाड्यांच्या इंजिनाच्या मूळ भागांची वॉरंटी ८ वर्षे किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवली. आजचा वाद मुख्यतः याच गाडीभोवती फिरतो.

चार मते

पहिले मत वापराला जबाबदार धरते. गाडी थंड असताना हलवून बंद करू नका, सुरू केली तर गरम होऊ द्या, बंद करण्याआधी थोडा रेस द्या, म्हणजे प्रश्न उरणार नाही. या मताच्या बाजूने मोठा पुरावा असा की हे नियम पाळणाऱ्या कित्येक मालकांना फ्लडिंग कधी भेटलेलेच नाही. विरुद्ध बाजू विचारते, की धुलाई केंद्रात किंवा वॅले पार्किंगला दिलेली गाडी कोणीही दोन मिनिटांसाठी हलवेल. साध्या वापरात मोडणारे यंत्र आणि चुकीचा वापर यांत रेघ कुठे मारायची? हा आक्षेप मला रास्त वाटतो, पण त्यामुळे सल्ला खोटा ठरत नाही.

दुसरे मत इंजिनाभोवतालच्या विजेच्या भागांवर बोट ठेवते. स्टार्टर मंद, बॅटरी अशक्त, कॉइल कमजोर. आरएक्स-८ मध्ये चार प्लगांना चार स्वतंत्र कॉइल आहेत आणि त्या लवकर दुबळ्या होतात, याबद्दल फिटरांमध्ये जवळपास एकमत आहे. ठिणगी अशक्त असली की न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते. तो तापून बुजतो, धुराची वाट अडते आणि इंजिनाची उष्णता वाढते. म्हणजे एवढ्याशा कॉइलपासून सुरू झालेली गोष्ट सीलच्या झिजेपर्यंत जाऊ शकते. कंपनीने स्वतःच स्टार्टर बदलला, याकडे ही मंडळी साक्ष म्हणून बोट दाखवतात.

तिसरे मत म्हणते की दोष अंगभूत आहे. चपटी पोकळी, तळाला निचरा नाही, आणि रेनेसिसमध्ये परिघावरचे दारही गेलेले. ज्या रचनेने धूर स्वच्छ केला तिनेच ओले पेट्रोल आत कोंडले, असे यांचे म्हणणे. तर्क पटण्याजोगा आहे. मात्र आरएक्स-८ च्या आधीच्या, परिघावर दार असलेल्या गाड्याही फ्लड होतच होत्या, म्हणून सगळा भार नव्या दारांवर टाकता येत नाही.

चौथे मत सर्वांत कठोर आहे: निकोप इंजिन सहसा फ्लड होत नाही. वारंवार फ्लड होणारी गाडी म्हणजे कॉम्प्रेशन उतरणीला लागलेली गाडी. इंजिने उघडून बांधणाऱ्या कारागिरांमध्ये हे मत जास्त दिसते. त्यांच्यापुढे येतात तीच मुळात थकलेली इंजिने, हे लक्षात ठेवूनच त्याचे वजन करायला हवे.

लक्षण कधी दिसते

या मतांच्या गर्दीतून निदानापर्यंत जायचे तर पहिला प्रश्न 'गाडी लागत नाही का' हा नसून 'कधी लागत नाही' हा आहे. वेळ सांगितली की संशयितांची यादी निम्म्यावर येते.

थंड गाडी थोडी हलवून बंद केली आणि नंतर ती लागत नसेल तर फ्लडिंगचा संशय आधी घ्यावा. उलट, तासभर पळवलेली गाडी पेट्रोल पंपावर दहा मिनिटे थांबवली आणि मग ती सेल्फला दाद देत नसेल, पण सकाळी थंड असताना एका दमात लागत असेल, तर ते कॉम्प्रेशन घटल्याचे अस्सल लक्षण आहे. थंड तेल घट्ट असते आणि झिजलेल्या सीलच्या फटी बुजवते, गरम तेल पातळ होऊन ती मदत काढून घेते. इथे एक उपसंशयित मात्र विसरू नये. स्टार्टर स्वतःही धुराच्या पाइपाच्या उष्णतेने तापला की मंद फिरतो. गरम असतानाचा सेल्फचा वेग मोजल्याशिवाय कॉम्प्रेशनवर ठपका ठेवणे घाईचे होईल.

तिसरे चित्र सर्वांत फसवे आहे. रात्रभर उभी गाडी सकाळी अडखळत, एकाच रोटरवर लागते, काही सेकंद पांढरा, गोडसर वासाचा धूर सोडते आणि मग सुरळीत चालते. हे पेट्रोल नाही, कूलंट आहे. हाउसिंग आणि बाजूच्या पाट्या यांच्यामधल्या रबरी कड्या गेल्या की कूलंट पोकळीत झिरपते आणि प्लग ओला करते. ओला प्लग पाहून 'फ्लड' असे लेबल लावणारे बरेच आहेत. प्लग हुंगून पाहणे, टाकीतली कूलंटची पातळी काही दिवस टिपणे, आणि दाबाचा पंप लावून दाब उतरतो का ते बघणे, एवढ्याने हा घोटाळा टळतो. पेट्रोल काढून टाकण्याच्या कुठल्याही युक्तीने हा रोग बरा होत नाही. इंजिन उघडावेच लागते.

तपासणीचा क्रम

क्रमाबाबत अनुभवी कारागिरांत फार मतभेद नाहीत, पण तो पाळला जात नाही हीच खंत आहे. क्रम स्वस्ताकडून महागाकडे आणि बाहेरून आत जातो.

आधी सेल्फचा वेग. माझदाची कॉम्प्रेशनची सगळी मापे मिनिटाला २५० फेऱ्या गृहीत धरून दिलेली आहेत. गाडीच्या संगणकाला स्कॅनर जोडला तर सेल्फ मारताना हा आकडा थेट वाचता येतो. वेग बराच कमी असेल तर बॅटरीचा व्होल्टेज, तारांची टोके, बॉडीचा अर्थ आणि शेवटी स्टार्टर तपासायचा. वेग सुधारेपर्यंत पुढच्या कोणत्याही निष्कर्षाला अर्थ नाही.

मग ठिणगी. प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात: लीडिंग आणि ट्रेलिंग. वरचा तो ट्रेलिंग, खालचा तो लीडिंग, आणि सुरू होण्याचे मुख्य काम लीडिंगचे. दोन्ही प्लगांचे प्रकार वेगळे आहेत, आरएक्स-८ मध्ये तर क्रमांकही वेगळे छापलेले असतात. प्लग बदलल्यानंतर लगेच स्टार्टिंगची तक्रार आली असेल तर तारा अदलाबदल झाल्या का, हे सर्वांत आधी पाहावे. कॉइलची परीक्षा जागेवर अदलाबदल करून होते, पण सर्वच कॉइल सारख्याच वयाच्या असतील तर अदलाबदल काही सांगत नाही. तिथे ठिणगीची ताकद दाखवणारे उपकरण हवे.

पुढे पेट्रोल. काढलेला प्लग ओला की कोरडा यावरून दोन वेगळ्या वाटा फुटतात. कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचतच नाही, म्हणजे पंप, रिले, फिल्टर. ओला असेल तर पेट्रोल नको तितके का आले ते शोधायचे. गाडी बंद केल्यावर रेलमधला दाब झपाट्याने उतरतो का, हे इंजेक्टर किंवा दाबनियंत्रक झिरपत असल्याचे चिन्ह. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर खोटे सांगत असेल तर गरम इंजिनालाही संगणक थंडीचा खुराक देत राहतो. हा भाग किरकोळ किमतीचा असतो आणि नेमका म्हणूनच विसरला जातो.

कॉम्प्रेशन सर्वांत शेवटी. कारण ते नीट मोजणे अवघड आहे, आणि चुकीचे मोजले तर सगळे निदान चुकते.

कॉम्प्रेशन मोजण्याची भानगड

पिस्टनच्या इंजिनासाठीचा साधा गेज रोटरीत दिशाभूल करतो. एका प्लगसमोरून रोटरच्या तीन बाजू पाळीपाळीने जातात. साध्या गेजमधली झडप दाब धरून ठेवते, त्यामुळे तीनपैकी सर्वांत निरोगी बाजूचाच आकडा काट्यावर राहतो. दोन बाजू मेलेल्या असल्या तरी गेज 'ठीक' म्हणू शकतो. गॅरेजमधल्या कित्येक 'कॉम्प्रेशन चांगले आहे' या शेऱ्यांचे मूळ इथे आहे.

खरा रोटरी टेस्टर तिन्ही बाजूंचे आकडे वेगळे देतो आणि सोबत वेगही नोंदवतो. मिनिटाला २५० फेऱ्यांना प्रत्येक रोटरचे सेकंदाला चारहून थोडे अधिक ठोके पडतात, म्हणजे तिन्ही बाजू पाऊण सेकंदाच्या आत समोरून जातात. हात आणि डोळ्यांना हे पकडता येत नाही, म्हणूनच उपकरण लागते. ते नसेल तर गेजमधली झडप काढून काट्याच्या तीन उड्या पाहण्याची जुनी रीत आहे. तिच्यातून आकडा नाही, पण उड्या समान आहेत की एक बसकी आहे, एवढे कळते.

आरएक्स-८ साठी माझदाचे माप असे: २५० फेऱ्यांना नव्या इंजिनाचा दाब सुमारे ८.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, चालण्याजोगी किमान मर्यादा ६.९ किलो. एकाच रोटरच्या तीन बाजूंत १.५ किलोपेक्षा आणि दोन रोटरांत १ किलोपेक्षा जास्त फरक नसावा. वेग कमी-जास्त असेल तर आकडा दुरुस्त करून वाचायचा. समुद्रसपाटीपासूनची उंची वाढली की तोही हिशेब धरावा लागतो.

आकड्यांचा आकृतिबंध आकड्यांइतकाच बोलका असतो. एपेक्स सील दोन पोकळ्यांच्या मधली भिंत असते. ती तुटली किंवा अडकली तर लगतच्या दोन बाजू एकत्र पडतात. साइड सील एकेका बाजूचे असते, त्यामुळे एकच बाजू पडली तर संशय तिकडे वळतो. तिन्ही बाजू सारख्याच उतरल्या असतील तर सर्वसाधारण झीज, साचलेला कार्बन, किंवा धुतले गेलेले तेल.

आणि इथेच फ्लडिंग पुन्हा आडवे येते. नुकत्याच फ्लड झालेल्या इंजिनात तेलाचा थर नसल्याने आकडे पडलेलेच मिळतात. त्या आकड्यांवरून इंजिन 'गेले' असा निकाल देणे म्हणजे उपाशी माणसाची ताकद मोजून त्याला आजारी ठरवणे. मोजणी इंजिन सुकवून, चालवून, पूर्ण गरम करून, चार्ज भरलेल्या बॅटरीवर आणि थ्रॉटल उघडा ठेवून व्हायला हवी. उलट दिशेची चूकही होते: पोकळीत तेल टाकून लगेच मोजले की आकडे फुगतात आणि थकलेले इंजिन तरुण दिसते. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने मोजणीआधी आत काय टाकले होते, हे जरूर विचारावे.

सुकवण्याचे उपाय

फ्लडिंग निश्चित झाल्यावर काय करायचे याबद्दल सौम्य उपायांवर एकमत आहे. आरएक्स-८ मध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की संगणक पेट्रोल तोडतो आणि नुसती हवा आत जाते. जुन्या आरएक्स-७ मध्ये त्यासाठी इंजेक्टरचा फ्यूज काढतात. सेल्फ थोडा थोडा मारायचा, मध्ये स्टार्टर थंड होऊ द्यायचा, बॅटरीला बाहेरून जोड द्यायची. एवढ्याने भागले नाही तर प्लग काढून सेल्फ मारायचा. त्या वेळी प्लगच्या भोकांतून पेट्रोल फवाऱ्यासारखे उडते, म्हणून कॉइलची वीज तोडलेली असलीच पाहिजे आणि जवळपास ज्योत किंवा ठिणगी नको. ही सूचना फार वेळा गाळली जाते.

वाद सुरू होतो तो तेलाच्या प्रश्नावर. धुतलेला थर परत आणण्यासाठी प्लगच्या भोकातून थोडे तेल टाकायचे, हे सर्वांना मान्य. पण कोणते? एक परंपरा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या लाल तेलाची, एटीएफची आहे. समर्थकांच्या मते त्यातली स्वच्छक द्रव्ये कार्बनमध्ये अडकलेली सील मोकळी करतात, म्हणून ते फ्लडिंगवरचा उतारा आणि कॉम्प्रेशनवरचे औषध असे दोन्ही ठरते. विरोधक म्हणतात, फरक पडतो तो कोणत्याही तेलाने पडतो. साधे इंजिन ऑइल किंवा टू-स्ट्रोक तेल तेच काम करते, आणि एटीएफचा दाट धूर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला भारी पडतो. मला या बाबतीत विरोधकांची बाजू अधिक सावध वाटते. सील खरोखर कार्बनने अडकले असेल तर एटीएफने ते सुटल्याची उदाहरणे लोक देतात, पण त्यात तेलाच्या थराने तात्पुरते वाढलेले कॉम्प्रेशन किती आणि मोकळे झालेले सील किती, हे आठवडाभराने केलेली दुसरी मोजणीच सांगू शकते. ती सहसा केली जात नाही. प्रमाणाबद्दल दोन्ही बाजू एका सुरात बोलतात: थोडेच टाका. द्रव दाबला जात नाही, आणि भरलेली पोकळी सेल्फने ओढली तर ताण सीलवर येतो.

धक्का मारून किंवा ओढून गाडी लावण्याची जुनी रीतही आहे. सेल्फपेक्षा जास्त वेग मिळतो म्हणून ती लागू पडते. पण न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटण्याचा धोका असल्याने नव्या गाड्यांत ती टाळलेलीच बरी.

जे अजून ठरलेले नाही

सर्वांत मोठा अनिर्णित प्रश्न कार्यकारणाचा आहे. फ्लडिंगमुळे सील झिजतात, की झिजलेल्या सीलमुळे फ्लडिंग होते? कोरड्या भिंतीवर सील घासत सेल्फ मारत राहिले तर झीज होणार, हे यंत्रशास्त्राला धरून आहे. पण एखाददुसऱ्या प्रसंगाने मोजता येण्याजोगी झीज होते का, हे वेगळे. वारंवार फ्लड होणाऱ्या गाड्यांचे कॉम्प्रेशन कमी आढळते, मात्र आधी काय घडले हे त्या आकड्यावरून कळत नाही. फ्लड होण्यापूर्वीची, इंजिन निरोगी असतानाची नोंद हाताशी असेल तरच ते कळेल. म्हणून रोटरी सांभाळणाऱ्याने तक्रार नसतानाही ठरावीक काळाने कॉम्प्रेशनची नोंद ठेवावी, असे मला मनापासून वाटते.

दुसरा प्रश्न तेलाच्या पुरवठ्याचा. पेट्रोलमध्येच टू-स्ट्रोक तेल मिसळून चालवणारा एक मोठा वर्ग आहे. इंजिनाचे तेल जळण्यासाठी बनवलेले नसते, त्याची राख सीलच्या खाचेत बसते, असा त्यांचा युक्तिवाद. कंपनीचा पंप पुरेसा आहे असे मानणारे म्हणतात की पंपाचे प्रमाण इंजिनाच्या भाराप्रमाणे बदलते, टाकीत मिसळलेले तेल तसे करू शकत नाही. सुरू होण्याच्या क्षणी मिसळलेले तेल भिंतीवरचा थर धुऊन जाण्यापासून कितपत वाचवते, यावर दोन्ही बाजूंकडे अनुभव भरपूर आहे, पण बाकी सर्व सारखे ठेवून केलेली तुलना नाही.

तिसरा प्रश्न कार्बनचा. रोज एकदा इंजिन वरच्या वेगापर्यंत न्यावे म्हणजे कार्बन साचत नाही, हा सल्ला आता जवळजवळ रिवाज झाला आहे. गरम इंजिनावर तो उपकारक असण्याची शक्यता बरीच आहे. थंड इंजिनावर तोच सल्ला घातक आहे, आणि सल्ला पसरताना नेमकी ही अट गळून पडते.

आर-ईव्हीनंतर

जानेवारी २०२३ मध्ये ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात माझदाने एमएक्स-३० आर-ईव्ही दाखवली आणि रोटरी अकरा वर्षांच्या खंडानंतर परत आली. एकच रोटर, ८३० सीसी. तो चाके फिरवत नाही, १७.८ किलोवॅट-तासाच्या बॅटरीसाठी वीज तयार करतो. या रचनेत स्टार्टिंगच्या वादाची अनेक मुळेच हलवली गेली आहेत. इंजिन कधी सुरू करायचे आणि कधी बंद करायचे हे चालक ठरवत नाही, त्यामुळे दारापर्यंत हलवून बंद करण्याचा प्रसंग इंजिनाच्या वाट्याला येण्याचे कारण उरत नाही. रोटर फिरवायला त्याच अक्षावरचा जनरेटर आहे, छोट्या स्टार्टरची दमछाक नाही. पेट्रोल थेट पोकळीत फवारले जाते, आणि एपेक्स सीलची जाडी रेनेसिसच्या २ मिलिमीटरवरून २.५ केली आहे.

पहिल्या मताची मंडळी याला आपला विजय मानतील, कारण माणसाची सवय बाजूला काढताच प्रश्न सौम्य झाला. दुसऱ्या मताचे लोक जनरेटरच्या जोराकडे बोट दाखवतील, तिसऱ्याचे थेट फवाऱ्याकडे. तिन्ही बदल एकदम झाले आहेत, त्यामुळे श्रेय कोणाचे हे या गाडीवरून ठरणार नाही. चौथ्या मताची परीक्षा या गाड्यांची सील जुनी होतील तेव्हा होईल. तिथे एक नवी अडचणही दिसते: शक्तिमान जनरेटर कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनालाही फिरवून सुरू करू शकेल, आणि गरम असताना न लागणे हा जुन्या गाड्यांमधला पहिला इशाराच चालकापर्यंत पोहोचणार नाही. त्या गाड्यांत झिजेचा माग संगणकाच्या नोंदींतून काढावा लागेल.